बिननावाच्या पिशव्या

हॉस्पिटलात कोण कोण काम करतं असं विचारलं, तर लोक डॉक्टर सांगतात, सिस्टर सांगतात, फार तर वॉर्डातले मामा आणि मावशी सांगतात. पलंगावरची चादर रोज पांढरी कुठून येते, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मी कोल्हापुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत सत्तावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची चौदा सुपरवायझर म्हणून. आम्ही परीट, त्यामुळं कपडा हातात घेतला की त्यात सूत किती आणि मिसळ किती, हे माझ्या बोटांना कळतं. एवढी एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं मी इथंच शिकलो. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं शिकायला मला फार उशीर लागला, तेच आज सांगतो.

आमचं खातं तळघरात. दोन मोठी धुलाई यंत्रं, कपडे पिळून काढणारं एक, वाफेवर चालणारे ड्रायर आणि चादरींना इस्त्री करणारा लांबलचक रूळ. सगळं एकदम चालू झालं की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. या आवाजानं माझा उजवा कान मंद झाला आणि गळा मोठा झाला. घरी साधं चहा टाक म्हटलं तरी शेजारचे दार उघडून बघायचे. मूळ गाव वारणेकाठचं, त्यामुळं आवाजाला तशीही जन्मापासून धार होतीच.

वरच्या वॉर्डांतून मळलेले कपडे पिशव्या भरून खाली येतात. ते थेट यंत्रात टाकता येत नाहीत. आधी लांब टेबलावर पसरून निवडावे लागतात. रक्ताचे वेगळे, साधे वेगळे, ऑपरेशनचे हिरवे वेगळे. हे निवडण्याचं काम सगळ्यांत घाण आणि सगळ्यांत धोक्याचं, कारण चादरीच्या घडीत काय येईल ते सांगता येत नाही. आमच्या टेबलावर जोडवी आली, ताईत आले, वाजत असलेला मोबाईल आला, अर्धी खाल्लेली भाकरी आली.

एकदा कवळी आली. गडहिंग्लजकडच्या एका आजोबांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशनआधी त्यांनी कवळी काढून उशीखाली ठेवली आणि उशीच्या अभ्र्याबरोबर ती पिशवीत गेली. आजोबा शुद्धीवर आल्यावर कवळी मागायला लागले. त्यांच्या दोन मुलांनी वॉर्डातल्या मामाची गचांडी धरली, दात चोरले म्हणून. म्हाताऱ्या माणसाचे दात चोरून कोण काय करणार, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. मामाही, मला काय माहीत, एवढंच म्हणत राहिला, त्यानं ते जास्तच भडकले. मी वर जाऊन थोरल्या मुलाला खाली आणलं, त्या दिवशीचा कपड्यांचा ढीग दाखवला आणि हातात मोजे आणि चिमटा दिला. तो अर्धा तास आमच्याबरोबर शोधत उभा राहिला. कवळी सापडल्यावर ती जंतुनाशकात बुडवून, धुऊन दिली. आजोबांनी ती तोंडात बसवली आणि पहिले शब्द बोलले ते मुलांना, कानडीत. ते इथं छापण्यासारखे नाहीत. मुलांनी मामाची माफी मागितली.

माणसाला शेजारी उभं करून दाखवलं की तो भांडत नाही, हे मला त्या दिवशी समजायला हवं होतं. मला फक्त कवळी सापडल्याचा आनंद झाला.

कवळीनं कुणाला इजा होत नाही. आम्हाला भीती असायची ती सुईची. सुई चादरीत कशी येते, हे बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. पेशंट अचानक घाबराघुबरा होतो, चार माणसं पलंगाभोवती धावतात, इंजेक्शन दिलं जातं आणि रिकामी सुई क्षणभर पलंगावर टेकवली जाते. पेशंटला आयसीयूत हलवतात, मावशी चादर गोळा करते, सुई तिच्या घडीत. कुणी मुद्दाम करत नाही. पण एका पेशंटच्या रक्तात भरलेली सुई खाली दुसऱ्याच माणसाच्या बोटात शिरते.

सुई सापडली की मी त्या वॉर्डाला फोन लावायचो आणि तोंडाला येईल ते बोलायचो. समोरची सिस्टर काय सांगतेय ते ऐकू यायचं नाही, अर्धं कानामुळं आणि अर्धं मला ऐकायचंच नसायचं म्हणून. आपण आपल्या माणसांसाठी भांडतोय, याचा मला अभिमान होता.

एकदा तर हद्द झाली. मेल सर्जिकल वॉर्डाच्या पिशवीत सिरिंजसकट सुई आली. मी ती स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली आणि तडक जिना चढून वर गेलो. भेटायची वेळ होती, वॉर्ड नातेवाइकांनी भरलेला. इन्चार्ज सिस्टर वंदना कांबळे एका पेशंटचं ड्रेसिंग करत होत्या. मी वॉर्डाच्या मधोमध उभं राहून ट्रे वर धरला आणि विचारलं, ही कुणाची, आमच्या बायका काय खाली मरायला ठेवल्यात काय. वंदना सिस्टर हळू म्हणाल्या, "अण्णा, आत बसून बोलूया." मी म्हणालो, "आत कशाला? सगळ्यांना कळू दे की."

सगळ्यांना कळलंच. त्याच दिवशी एका पेशंटच्या मुलानं सांगितलं, या सिस्टरच्या हातनं आमच्या वडिलांना इंजेक्शन नको. वीस वर्षं नोकरी झालेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. वर मेट्रननं मेमो दिला तो वेगळाच. मी खाली येऊन चहाच्या वेळी हा पराक्रम तीनदा सांगितला.

त्यानंतर काही महिने सुया कमी सापडल्या. मला वाटलं, जरब बसली. आणखी एक गोष्ट झाली होती, तिच्याकडं मी नीट बघितलं नाही. प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून वॉर्डाचं नाव लिहायची पद्धत होती. ती नावं हळूहळू येईनाशी झाली. आधी एका वॉर्डाची, मग सगळ्यांचीच. ट्रॉलीवर मामा सगळ्या मजल्यांच्या पिशव्या एकत्र घालून आणायचा, त्यामुळं कुठली कुठली ते कळायचं नाही. वर कामाचा ताण असेल, विसरत असतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

श्रावणातला एक सोमवार होता. सोमवारी रविवारचेही कपडे साचलेले असतात, त्यामुळं टेबलावर ढीग. निवडायच्या कामावर शालन होती. शालन उचगावची, चाळिशीची, नवरा शिरोलीच्या फौंड्रीत. आमच्याकडं ठेकेदारामार्फत नऊ वर्षं कामाला होती आणि तिच्याइतका साफ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. साडेदहाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की ती सगळं डाव्या हातानं उचलतेय. विचारलं तर म्हणाली, मनगट लचकलंय. पण उजव्या हातातला मोजा नवा होता आणि आत चिंधी गुंडाळल्याचा फुगवटा दिसत होता.

मी तिला यंत्रांच्या आवाजापासून लांब, दाराबाहेर नेलं. सुई लागली काय, म्हणून विचारलं. तिनं मोजा काढून चिंधी बांधलेलं बोट पुढं केलं.

"सकाळी आल्या आल्याच लागली. साबणानं धुतलं की मी."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वरडला असता, मग वर जाऊन वरडला असता. मागल्या वक्ताला मोजं घातलं नव्हतं म्हनून मलाच बोललासा. म्हनून गप बसलो." आमच्याकडच्या बायका बोलताना गप बसलो, आलो, गेलो असंच म्हणतात. मग ती म्हणाली, "अण्णा, मी काय पैली न्हाय."

आत जाऊन मी यंत्रं बंद करायला लावली. सात माणसं होती. आजपर्यंत कुणाकुणाला सुई लागलीय आणि सांगितलेलं नाही, असं विचारलं. कुणी बोलेना. मी पुन्हा विचारलं, कधी नव्हे ते हळू आवाजात. मग एक हात वर झाला, दुसरा झाला, शालनचा धरून चार झाले. मी ज्यांच्यासाठी भांडत होतो ती ही माणसं. रक्तातलं भय घरी घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन हसायची, कारण सुईपेक्षा त्यांना मी नको होतो.

शालनला कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी जखम बघितली, रक्त घेतलं आणि विचारलं, सुई कुठल्या पेशंटची. ते कळलं तर त्याच्या रक्तात काय आहे ते बघून नेमका उपचार सुरू करता येतो, आणि तो जितका लवकर तितका चांगला, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग विचारलं, काविळीची लस घेतलीय का. घेतलेली नव्हती. मागच्या वर्षी लस देण्यासाठी लाँड्रीतली नावं मागवली होती, तेव्हा कायम कामगारांचीच यादी मागितली होती, आणि मी तेवढीच दिली. ठेकेदाराच्या माणसांचं काय, हा प्रश्न मी विचारला नव्हता. सगळ्या गोष्टींवर ओरडणारा मी, तिथं नेमका गप्प होतो.

सुई ज्या पिशवीतून आली तिच्यावर नाव नव्हतं. शालनला फक्त चादर आठवत होती, हिरव्या काठाची, आयोडीनचे डाग पडलेली. हिरवा काठ म्हणजे सर्जरीचा मजला. तिथं दोन वॉर्ड. फीमेल वॉर्डात विचारलं, तर त्यांच्या चादरी शनिवारनंतर बदललेल्याच नव्हत्या. राहिला मेल सर्जिकल.

मी पुन्हा तोच जिना चढून वर गेलो. वंदना सिस्टर टेबलाशी बसून लिहीत होत्या. मला बघून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ताठ बसल्या. काय झालं ते मी सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण चेहरा बंद होता. मग मी म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी मी इथं सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं. आज सगळ्यांसमोरच माफी मागतो." दोन-चार पेशंट मान वळवून बघायला लागले.

"माफी राहू दे, अण्णा," त्या म्हणाल्या. "शालनला किती वाजता लागली ते सांगा."

आठ वाजता, मी सांगितलं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग जे बोलल्या ते आजही माझ्या कानात आहे, मंद कानातसुद्धा.

"पिशवीवर नाव लिहू नका, हे माझ्या पोरींना मीच सांगितलंय. तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. आमचं बघून बाकीच्या वॉर्डांनीही बंद केलं. मला माझ्या पोरींना वाचवायचं होतं. खाली कोण हात घालतंय, याचा विचार मी केला नाही."

आपापल्या माणसांना वाचवायला निघालेले आम्ही दोघं, आणि सुई घुसली ती शालनच्या बोटात. मग त्या उठल्या, ड्युटीवरच्या सगळ्या सिस्टरांना आतल्या खोलीत बोलावलं आणि मला दारात थांबायला सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं. खाली एका बाईला सुई लागलीय, तिच्या उपचारासाठी माहिती पाहिजे, जिला आठवतंय तिनं सांगायचं, आणि सांगेल तिला मेमो मिळणार नाही, मिळाला तर मी घेईन.

रात्रपाळी करून सकाळच्या ड्युटीलाही थांबलेली, स्नेहल नावाची सहा महिन्यांपूर्वी लागलेली सिस्टर रडायला लागली. सकाळी साडेसहाला एका पेशंटचा रक्तदाब एकदम उतरला होता, त्याला इंजेक्शन देऊन आयसीयूत हलवलं होतं. सुई कुठं ठेवली ते तिला नंतर आठवेना. शोधली होती, सापडली नव्हती. कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. वंदना सिस्टरांनी तिला पाणी दिलं आणि तिथूनच कॅज्युअल्टीला फोन लावला. पेशंटचं नाव मला कळलं नाही, कळायचंही कारण नव्हतं. एवढंच समजलं, की त्याच्या रक्तात ब प्रकारची कावीळ होती. बाकीच्या तपासण्या साफ होत्या.

काविळीविरुद्धचं जे खास इंजेक्शन द्यायचं ते आमच्या औषध दुकानात शिल्लक नव्हतं. शहरातल्या दुसऱ्या दुकानातून मी स्वतः स्कूटरवर जाऊन बर्फाच्या डब्यात घालून आणलं. दुपारी एकच्या आत शालनला ते मिळालं आणि लसीचा पहिला डोसही. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत झालं. पण खात्री द्यायला सहा महिने लागतील, मध्ये मध्ये रक्त तपासावं लागेल.

दुसऱ्या दिवशी प्रशासकीय अधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावलं. स्नेहलला मेमो द्यायचा आणि तिची नोकरी कायम करायचं लांबवायचं, असं त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. साहेब तसे वाईट माणूस नव्हते, वर उत्तर द्यायचं तर कारवाई दाखवावी लागते, एवढंच. मी म्हणालो, मेमो द्यायचाच तर पहिला मला द्या. त्यांना वाटलं मी रागानं बोलतोय. मी सांगितलं, "साहेब, ही पोरगी बोलली म्हणून शालनला पाच तासांत औषध मिळालं. हिला शिक्षा केली, तर पुढची सुई कुणाची ते तुम्हाला कधीच कळणार नाही. माझ्या खात्यातल्या चार माणसांनी माझ्या भीतीनं तोंड बंद ठेवलं होतं. हे मी लिहून देतो." आणि दिलं. वंदना सिस्टरांनी खाली सही केली, पिशवीवर नाव लिहायचं बंद केल्याची जबाबदारी माझी, असं लिहून.

साहेब दोन दिवस विचार करत होते. आम्ही दोघं रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचो. तिसऱ्या दिवशी स्नेहलला मेमो द्यायचं रद्द झालं, आणि ठेकेदाराच्या सगळ्या माणसांना लस मिळाली. पिशव्यांवर पुन्हा नावं यायला लागली, वॉर्डाची, माणसाची नाहीत. आणि नवीन लागणारी प्रत्येक सिस्टर एक सकाळ आमच्या टेबलाशी मोजे घालून उभी राहील, असं वंदना सिस्टरांनी ठरवून घेतलं. पहिली आली ती स्नेहल. तिला शिकवायला शालनच होती. त्या दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण महिन्याभरात शालन वाळायला लागली. डबा उघडायची नाही. खोदून विचारल्यावर कळलं, की तिनं घरी खरं सांगितलं होतं आणि सासूनं तिचं ताट-तांब्या वेगळा केला होता. गावात जत्रा तोंडावर आली होती, आणि शालननं चुलीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. नवरा गप्प होता. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते उचगावला जाऊन सासूला चार शब्द सुनवायचं. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं आणि वर वंदना सिस्टरांकडं गेलो.

सिस्टर सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर उचगावला आल्या. सासूबाई पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. पावणं आलं म्हणून त्यांनी पाणी दिलं, पण बोलायला तयार नव्हत्या. सिस्टरांनी भाषण दिलं नाही. म्हणाल्या, "आई, मला भूक लागलीय. शालनच्या हातची भाकरी मिळंल का?" शालननं भाकरी थापली, तांबडा रस्सा गरम केला. सिस्टर तिच्या ताटात तिच्याबरोबर जेवल्या. जेवता जेवता सासूबाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. खाण्यानं होत न्हाय? एका तांब्यानं? नातवंडांनी तिच्याजवळ झोपलं तर? सिस्टर प्रत्येक प्रश्नाला घास थांबवून उत्तर देत होत्या, तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला तरी. मी एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत अवघड जेवण.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "आमाला कुनी असं सांगितलंच न्हाई की."

जत्रेला स्वयंपाक शालननं केला. सहा महिन्यांनी शेवटची तपासणी आली. कावीळ नव्हती. कागद घेऊन ती खाली आली तेव्हा यंत्रं चालू होती, त्यामुळं काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. तिनं कागदच माझ्यापुढं धरला.

बाकीच्या तिघांच्याही तपासण्या केल्या, त्या साफ निघाल्या. पण माझ्या हाताखालून आधीच्या वर्षांत काम सोडून गेलेली जी माणसं होती, त्यांच्यातल्या किती जणांनी हात वर केला असता, ते मला माहीत नाही. त्यांच्यातल्या दोघांचा शोध घेतला. एक मलकापूरचा सापडला, ठणठणीत होता. दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. हे मी अजून विसरलेलो नाही.

माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी नऊला खालचा फोन वाजला. स्नेहल बोलत होती. म्हणाली, "अण्णा, आमच्या मोजणीत एक सुई कमी आहे. माझ्याच हातून गेलीय. पिशवी खाली आली असेल तर उघडू नका." सत्तावीस वर्षांत सुई सापडल्यावर मी शेकड्यानं फोन केले होते. सुई सापडायच्या आधी वरून फोन येण्याची ही पहिलीच वेळ होती.

मी टेबल थांबवलं, सगळ्यांना हात वर घ्यायला सांगितलं. मेल सर्जिकलची पिशवी बाजूला काढली. शालननं जाड मोजे चढवले आणि एकेक चादर चिमट्यानं उचलून झटकली. पाचव्या चादरीत सुई होती. तिनं ती सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "वर कळवा आधी. पोरगी घाबरून बसली असंल."

मी फोन लावला आणि सुई सापडली हे सांगायच्याही आधी तिला सांगितलं, कुणाला लागलेली नाही.